कट मारणारी गाडी

जानेवारीतली पहाट. शिवाजी पूल ओलांडून आम्ही सायकलींवरून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा पंचगंगेवरचं धुकं अजून उसाच्या फडांवर रेंगाळत होतं. केर्लीच्या अलीकडे मागून ट्रॅक्टर आला. ऊस कारखान्यावर उतरवून परत निघालेला, मागे दोन रिकाम्या ट्रॉल्या, स्पीकरवर मोठ्यानं गाणं. मागची ट्रॉली डुलत डुलत आमच्या हँडलपासून हातभर अंतरावरून गेली आणि आम्ही मुकाट्यानं साईडपट्टीवर उतरलो. दहा मिनिटांनी काळसर काचांची एक उंच पांढरी एसयूव्ही तशीच, जवळपास तेवढ्याच अंतरावरून गेली.

वाघबीळला चहाला थांबलो तर विषय एकच. "ह्या गाडीवाल्यांचं असंच असतंय बघ. गाडी मोठी झाली की माणूस बिघडतोय." ट्रॅक्टरचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. घरी परतताना ते माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. अंतर सारखं, भीती सारखी, मग राग एकाच गाडीचा का?

कोल्हापुरात नियमानं सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात अशी एक यादी असते. मोठ्या एसयूव्ही तिच्यात सगळ्यात वर. मग प्रवासी दिसला की जागच्या जागी ब्रेक मारणारं वडाप. मग अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बाहेरच्या पासिंगच्या गाड्या. "एमएच ०९ नसली की जरा बाजूलाच राहायचं," असं नव्या मुलांना आम्हीच सांगतो. ही यादी भोगून तयार झालेली आहे, त्यामुळे ती खोटी आहे असं कोणी म्हटलं की अंगावर येतं. मी तसं म्हणत नाही. पण तिच्यात अनुभव किती आणि स्मरणशक्तीची करामत किती, हे तपासता येतं.

एक साधा हिशोब करू. समजा, एका फेरीत तुमच्या बाजूनं ४० छोट्या कार गेल्या आणि १० मोठ्या एसयूव्ही. छोट्यांपैकी ४ जणांनी कट मारला, मोठ्यांपैकी एकानं. दोन्हीकडे प्रमाण दहातला एक, म्हणजे अगदी सारखं. तरी संध्याकाळी आठवतं काय? ती एक एसयूव्ही. अमेरिकेत डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली नेमका हाच प्रकार प्रयोगानं दाखवला. त्यांनी लोकांना दोन काल्पनिक गटांतल्या माणसांच्या वागण्याबद्दल ३९ वाक्यं वाचायला दिली. मोठ्या गटाची २६, त्यांत १८ चांगली आणि ८ वाईट. छोट्या गटाची १३, त्यांत ९ चांगली आणि ४ वाईट. प्रमाण दोन्हीकडे ९ ला ४. छोट्या गटाच्या वाट्याला प्रत्यक्षात वाईट वागण्यापैकी एक तृतीयांशच होतं, पण नंतर विचारल्यावर लोकांनी निम्म्याच्या आसपास वाईट वागणं त्याच्याच खात्यावर टाकलं.

कारण असं की छोटा गट कमी वेळा समोर येतो आणि वाईट वागणंही कमी वेळा दिसतं. दोन दुर्मिळ गोष्टी एकदम समोर आल्या की मेंदू त्यांची गाठ बांधून ठेवतो. मोठी, उंच गाडी रस्त्यावर इतरांपेक्षा कमी. जीव घाबरवणारा कटही, आपल्या नशिबानं, कमीच. ही गाठ बसते आणि घट्ट होत जाते, कारण पुढच्या वेळी तशी गाडी आरशात दिसली की आपण आधीच खांदे आवळून बसलेलो असतो. जवळून गेली तर "बघ, म्हटलं नव्हतं?" आणि नीट अंतर ठेवून गेली तर तिची नोंदच होत नाही.

पण हिशोब इथे संपत नाही. मोठ्या गाड्या खरंच जास्त जवळून जातात का, हे मोजून बघणारी माणसं आहेत. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातले इयन वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारं यंत्र बसवलं, सॅलिस्बरी आणि ब्रिस्टल या शहरांत स्वतः सायकल चालवली आणि सुमारे २,५०० ओव्हरटेकिंग नोंदवली. हे काम २००७ साली प्रसिद्ध झालं. सरासरी कार १.३३ मीटर अंतर ठेवून गेली. ट्रक त्याहून १९ सेंटिमीटर जवळून, तर बस २३ सेंटिमीटर जवळून. आणि एसयूव्ही? त्या साध्या कारपेक्षा जवळून जातात असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

हे वाचून मी थोडा खट्टू झालो होतो, हे कबूल करतो. मग ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचं काम वाचलं. तिथे मेलबर्नच्या ६० सायकलस्वारांच्या सायकलींना यंत्रं बसवून १८,५२७ ओव्हरटेकिंग मोजली गेली. २०१९ साली निष्कर्ष आले. साध्या कारपेक्षा फोर-व्हील ड्राइव्ह प्रकारच्या गाड्या सरासरी १५ सेंटिमीटर जवळून गेल्या आणि बस २८ सेंटिमीटर. दर १७ ओव्हरटेकिंगमधलं एक तर १ मीटरपेक्षाही कमी अंतरावरून झालेलं. म्हणजे आमच्या चहाच्या गप्पांत थोडं तथ्य निघालं. या दोन्ही देशांत आपल्यासारखंच वाहन डावीकडून चालवतात, म्हणून हे आकडे मला जवळचे वाटतात. चालक उजव्या बाजूला बसतो आणि सायकल असते डावीकडे, त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापाशी. गाडी जितकी रुंद आणि उंच, तितका तो कोपरा त्याला कमी कळतो.

या १५ सेंटिमीटरमध्ये चालकाच्या स्वभावाचा वाटा किती आणि पत्र्याचा किती? माझ्या मते पत्र्याचा बराच. छोटी कार १.६५ मीटर रुंद आणि मोठी एसयूव्ही १.८५ मीटर रुंद धरा. दोन्हींच्या चालकांनी गाडीचा मध्य रस्त्यावर एकाच रेषेत ठेवला, तर रुंद गाडीची डावी कड आपोआप १० सेंटिमीटर आपल्याकडे सरकते. आरसे वेगळेच. चालक तोच, मनही तेच, तरी अंतर घटलं.

बसचं गणित तर आणखी स्वच्छ आहे. तुम्ही ताशी २० किलोमीटरनं चाललाय आणि मागचं वाहन ४० नं येतंय. ४ मीटर लांबीची कार तुमच्या बाजूनं पाऊण सेकंदात निघून जाते. ११ मीटरच्या बसला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात समोरून वाहन आलं, तर बसचं तोंड डावीकडे वळायला लागतं आणि तिचा मागचा भाग अजून तुमच्या शेजारीच असतो. तुम्हाला वाटतं, मुद्दाम दाबलं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर याहून लांब, आणि त्याच्या ट्रॉल्या वळणावर पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतल्या बाजूनं जातात. डावीकडच्या वळणावर आत कोण असतं? आपण. म्हणून वळणाच्या तोंडाशी ट्रॅक्टर दिसला की मी थांबतोच, चालक ओळखीचा असला तरी.

उंचीचाही एक परिणाम आहे. कॅनडातल्या क्रिस्टिना रुडिन-ब्राउन यांनी लोकांना वेगाचा काटा न दाखवता सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली. नजर उंचावर असली की लोक जास्त वेगानं चालवत. उंचावरून रस्त्याचा पृष्ठभाग डोळ्यांखालून हळू सरकताना दिसतो, त्यामुळे आहे त्यापेक्षा वेग कमी वाटतो. उंच गाडीतला माणूस मस्तीत असेलच असं नाही. आपण वेगात आहोत हेच त्याला पुरेसं जाणवत नसेल. मात्र धडक बसली तर हा खुलासा कामाचा नाही. ताशी ४० वरून ६० वर गेलं की धडकेतली ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोनपट होते. आणि बॉनेटची उंची जीवघेणी ठरते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २०२३ साली पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास मांडला. ज्या गाड्यांचं बॉनेट जमिनीपासून सुमारे १ मीटरपेक्षा उंच, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ७५ सेंटिमीटरपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त होती. तेव्हा मोठ्या गाडीची भीती बाळगणं अगदी रास्त आहे. मी तपासतोय ते त्या भीतीतून आपण चालकाच्या स्वभावाबद्दल काढलेला निष्कर्ष.

स्वभावाबद्दलही संशोधन झालेलं आहे. पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात झेब्रा क्रॉसिंगवर १५२ गाड्या पाहिल्या. सगळ्यात भारी श्रेणीतल्या जवळपास निम्म्या गाड्या पादचाऱ्यासाठी थांबल्या नाहीत, सगळ्यात साध्या श्रेणीतल्या सगळ्या थांबल्या. हा निष्कर्ष जगभर गाजला. पण गाडीची श्रेणी निरीक्षकांनी नजरेनं ठरवलेली होती आणि गाड्या मोजक्या. २०२० साली हेलसिंकी विद्यापीठाच्या यान-एरिक ल्योनक्विस्ट यांनी फिनलंडमधल्या १,८९२ गाडीमालकांच्या स्वभावाची पाहणी केली. हेकट, वाद घालणाऱ्या, दुसऱ्याची फिकीर नसलेल्या पुरुषांकडे ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज अशा गाड्या असण्याची शक्यता जास्त निघाली. त्याच पाहणीत शिस्तशीर, जबाबदार स्वभावाच्या स्त्री-पुरुषांकडेही याच गाड्या जास्त निघाल्या. लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात.

शिवाय आपल्याकडे ही पाहणी लावायची तर वेगळीच अडचण. मोठी गाडी मालकाची असते, पण चालवतो बऱ्याचदा पगारी ड्रायव्हर. मागच्या सीटवरून "चल, उशीर होतोय" म्हणणारा एक आणि स्टिअरिंगवर दुसराच. त्या ड्रायव्हरची स्वतःची गाडी म्हणजे कदाचित घरी लावलेली मोटरसायकल. गाडीच्या किमतीवरून आपण नेमका कोणाचा स्वभाव ओळखतो?

आता पुन्हा त्या ट्रॅक्टरकडे. मला वाटतं, खरं उत्तर काचेत आहे. ट्रॅक्टरवाला उघड्यावर बसलेला होता. डोक्याला मफलर, रात्रभर कारखान्यावर नंबर लावून जागलेले डोळे. जाताना त्यानं हात वर केला की नाही आठवत नाही, पण तो माणूस दिसला. एसयूव्हीत कोणी दिसलंच नाही. काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच बंदी घातली, पण कंपनीतून येणाऱ्या बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार जावा एवढीच नियमाची अट आहे. ऐकायला ५० टक्के पुरेसे वाटतात. पण बाजूच्या काचेतून आत गेलेला प्रकाश चालकाच्या चेहऱ्यावर पडून पुन्हा त्याच काचेतून बाहेर यायचा, तर अर्ध्याचा अर्धा होऊन पावच उरतो. पहाटे धुक्यात बाहेरून बघणाऱ्याला ती काच काळीच दिसते.

माणूस दिसला नाही की गाडीच चेहरा होते. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००८ साली लोकांना गाड्यांची पुढची बाजू दाखवून तिचा स्वभाव सांगायला लावला, तेव्हा कोणत्या गाड्या रागीट आणि दांडगट दिसतात यावर लोकांचं बऱ्यापैकी एकमत झालं. आणि काचेचा परिणाम आत बसलेल्यावरही होतो. १९९५ साली अमेरिकेत सिग्नल हिरवा झाल्यावर एक गाडी मुद्दाम जागेवर थांबवून ठेवली. मागे छप्पर उघडणाऱ्या गाड्या होत्या. ज्यांचं छप्पर बंद होतं त्यांनी उघड्या छपरवाल्यांपेक्षा लवकर आणि जास्त वेळ हॉर्न वाजवला. झाकलेला माणूस लवकर चिडतो, आणि झाकलेल्या माणसावर आपणही लवकर चिडतो.

त्यानंतरच्या रविवारी मी गटात एक प्रस्ताव ठेवला. पन्हाळ्यापर्यंत प्रत्येकानं दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: कोणी जवळून कट मारला आणि कोण नीट अंतर ठेवून गेलं. चहाला थांबल्यावर कटवाल्यांची वर्णनं भराभर आली. रंग, पासिंग, मागच्या काचेवर काय लिहिलंय तेसुद्धा. दुसऱ्या प्रश्नावर सगळे गप्प. मग आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका म्हणाले, "घाटातल्या त्या वळणावर एक गाडी आपल्या मागं थांबली होती न्हवं? हॉर्न न मारता. वळण सरल्यावर मगच गेली." सगळ्यांना ती आठवली. मलाही, चांगलीच, कारण मी सगळ्यात मागे होतो आणि तिच्या इंजिनाचा आवाज बराच वेळ माझ्या पाठीशी होता.

"कुठली गाडी होती?" कोणीतरी विचारलं.

मोठी की छोटी, पांढरी की काळी, नऊ पासिंग की बाहेरची, आम्हा सात जणांपैकी एकालाही सांगता आलं नाही.