पुराचा फोटो कोणत्या वर्षीचा?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की नाशकात तासाभरात सगळ्यांच्या मोबाइलवर गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती येते. कधी गुडघाभर पाण्यात, कधी छातीपर्यंत, कधी नुसतं डोकं वर. शहराला पुराची ही पट्टी पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हटलं, की घाटाजवळचे दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवायला लागतात. त्यामुळे 2016 किंवा 2019 च्या पुराचा फोटो ‘आत्ताचा’ म्हणून फिरला, तर उगाच धावपळ होते. गंमत अशी, की त्या फोटोत खोटं काहीच नसतं. मारुती खरा, पाणी खरं, घाटही खरा. वर्ष तेवढं चुकलेलं.

डीपफेकची, म्हणजे एआयने बनवलेल्या खोट्या चित्रांची आणि व्हिडिओंची चर्चा पुष्कळ होते, पण आपल्या ग्रुपवर येणारा माल माझ्या पाहण्यात बराचसा याच साध्या जातीचा असतो: जुना फोटो, नवी ओळ. आणि त्याचा छडा लावणंही तुलनेने सोपं आहे. गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनांना फोटो द्यायचा आणि विचारायचं, हा आधी कुठे दिसला होता? टिनआय 2008 पासून हेच काम करतं आणि निकाल ‘सर्वांत जुना आधी’ अशा क्रमानेही लावून देतं. पूर कालचा आणि तोच फोटो पाच वर्षांपूर्वीच्या बातमीत, एवढं दिसलं की विषय मिटला.

यंत्राला फोटो ‘ओळखता’ येतो तो कसा? एक सोपी पद्धत अशी. फोटो काळा-पांढरा करून इतका लहान करायचा, की आडवे 9 आणि उभे 8 एवढेच ठिपके उरतील. मग प्रत्येक ठिपका उजवीकडच्या शेजाऱ्यापेक्षा उजळ असेल तर 1, नसेल तर 0. एका ओळीत 8 तुलना, अशा 8 ओळी, म्हणजे 64 आकडे. हा त्या फोटोच्या बोटाचा ठसा समजा. फोटो फॉरवर्ड होऊन धुरकट झाला, रंग भडक केले, कोपऱ्यात ‘शुभ सकाळ’ चिकटवलं, तरी 64 पैकी थोडेच आकडे बदलतात आणि दोन ठसे जुळतात. मात्र फोटो आरशातल्यासारखा उलटा केला किंवा अर्धा कापला, तर ही पद्धत गडबडते. म्हणून फोटोतल्या दुकानांच्या पाट्या उलट्या वाचाव्या लागत असतील, तर तो आधी सुलटा करून घ्यावा आणि मगच शोधावा.

लेन्ससारखी साधनं याच्या पुढे गेली आहेत. ती फोटोतल्या आकारांवरून आकड्यांची लांबलचक यादी बनवतात आणि मिळत्याजुळत्या याद्या शोधतात. याचा तोटाही आहे. मारुतीचा फोटो दिला तर मारुतीचे सगळ्याच पुरांतले फोटो समोर येतात आणि घाईत कुठलाही एक ‘हाच तो’ वाटतो. तिथे डोळे वापरावे लागतात. गळ्यातला हार तोच आहे का, शेजारून वाहत चाललेलं लाकूड त्याच जागी आहे का, पाण्याची रेघ नेमकी कुठे लागली आहे? वाहतं लाकूड दोन पुरांत एकाच जागी सापडत नाही.

फाइलच्या नावावरून हमखास वाद होतो. ‘आयएमजी’पुढे आठ आकड्यांची तारीख आणि मग ‘डब्ल्यूए’ असं नाव असेल, तर ती तारीख फोटो तुमच्या फोनवर आला त्या दिवसाची. काढला त्या दिवसाची नव्हे. कॅमेऱ्याने फोटोत नोंदवलेली वेळ आणि जागा व्हॉट्सॲप पाठवतानाच काढून टाकतं. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला असेल तरच ती नोंद शाबूत राहते.

आता नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला आहे. मुख्य स्नानं 2027 च्या पावसाळ्यात आहेत, आणि प्रयागची गर्दी नाशिकच्या रामकुंडाची म्हणून खपवली जाणार यावर मी पैज लावायला तयार आहे. इथे सावली कामाला येते. प्रयागला कुंभ जानेवारी-फेब्रुवारीत असतो. तिथे जानेवारीत भर दुपारीही माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. नाशकात ऑगस्टअखेर ती उंचीच्या पाचव्या हिश्श्याइतकीच. सनकॅल्क या संकेतस्थळावर जागा, तारीख आणि वेळ दिली, की सूर्याची दिशा आणि सावलीची लांबी नकाशावर उमटते. अर्थात श्रावण-भाद्रपदात ऊन पडलं तर! ढगाळ दिवशी पायाखाली बघा. प्रयागला वाळूचा विस्तीर्ण पट्टा आणि तरंगते पूल, रामकुंडावर दगडी पायऱ्या. शहरातल्या जागेची खात्री करायची तर रस्त्यांचे फोटो दाखवणारं गूगलचं स्ट्रीट व्ह्यू आहे. जुलै 2022 मध्ये ते भारतात दहा शहरांत सुरू झालं, त्यांत नाशिक होतं. फोटोतली कमान, गल्लीचं वळण, खांबावरची विजेची डीपी तिथे ताडून बघता येते.

व्हिडिओचं काय? इनव्हिड नावाची ब्राउझरची जोडणी व्हिडिओतून मोजक्या चौकटी वेगळ्या काढून देते. मग प्रत्येक चौकट फोटोसारखी शोधायची. 2018 मध्ये देशभर फिरलेल्या एका क्लिपमध्ये मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यातून मूल उचलून नेतात. ती कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मची होती. मूळ फिल्ममध्ये ते मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढाच शेवट कापलेला होता. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच सुमारास मालेगावात एका कुटुंबाला पोलिसांनी जमावाच्या हातून कसंबसं सोडवलं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा घातली.

एआयने बनवलेल्या चित्राला मात्र जुना फोटो नसतोच, त्यामुळे फोटोवरून घेतलेला शोध रिकाम्या हाताने परततो. गूगलच्या साधनांतून तयार झालेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची अदृश्य खूण असते. जेमिनी ॲपला फोटो देऊन विचारलं तर ती सापडते. सापडली तर चित्र एआयने बनवलेलं किंवा बदललेलं. नाही सापडली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण प्रत्येक कंपनीच्या साधनात ती असतेच असं नाही. ‘92 टक्के एआय’ असा आकडा फेकणाऱ्या फुकट संकेतस्थळांवर मी तरी विसंबत नाही. व्हॉट्सॲपने चेपलेल्या फोटोवर ती सर्रास घसरतात.

आणि पुराचीच शंका असेल, तर फोटोपेक्षा आकडा बरा. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे जलसंपदा खातं वेळेसह कळवतं. ग्रुपवर ‘फेक आहे’ एवढंच लिहिण्याऐवजी तो आकडा टाका, आणि त्याच्याखाली जुन्या बातमीची लिंक.