फ्रेंच खरेदीदाराची इंग्रजी मेल वाचताना
(फ्रान्सशी व्यवहार करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

फ्रान्सहून आलेली मेल उद्धट वाटली, तर उत्तर लिहिण्याआधी ती आम्हाला दाखवा. बहुतेक वेळा माणूस उद्धट नसतो, त्याचं इंग्रजी फ्रेंचमधून आलेलं असतं. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काही शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. मग दोन्हीकडे त्यांतल्या कित्येकांचे अर्थ बदलत गेले. रूप मात्र ओळखीचं राहिलं, म्हणून फ्रेंच माणूस ते बिनधास्त वापरतो.

'वी डिमांड अ सँपल' हे वाचून आपल्या कपाळावर आठ्या पडतात. फ्रेंच 'दमाँदे' म्हणजे नुसतं मागणं, विचारणं. त्याला नमुना हवाय, एवढंच. 'वी आर डिसीव्ह्ड' हे त्याहून स्फोटक: इंग्रजीत हा सरळ फसवणुकीचा आरोप. लिहिणाऱ्याच्या मनात असतं 'देस्यू', म्हणजे निराश. मालाबद्दल तक्रार आहेच, ती सोडवा. पण वकिलाला फोन करू नका.

खरा पैसा बुडवू शकतो तो 'इव्हेंच्युअली'. 'इव्हेंच्युअली वी विल टेक 500 मोअर' याचा इंग्रजी अर्थ: आज ना उद्या 500 नग घेणारच. फ्रेंच 'एव्हाँत्युएलमाँ'चा अर्थ: गरज पडली तर, कदाचित. या एका वाक्यावर कच्चा माल भरू नका, पक्की ऑर्डर मागा. उलट दिशेनेही हेच होतं. 'सर्टिफिकेट इव्हेंच्युअली पाठवू' असं तुम्ही लिहिलंत, तर समोरचा समजतो की पाठवतील किंवा नाही पाठवणार. आमचं मत विचाराल तर हा शब्द फ्रान्सच्या पत्रव्यवहारातून काढूनच टाका आणि तारीख लिहा.

'व्हॉट इज युअर डिले?' हा टोमणा नव्हे. 'देलॅ' म्हणजे मुदत. माल द्यायला किती दिवस लागतील, एवढंच विचारलंय. 'ॲक्च्युअली वी हॅव नो बजेट' म्हणजे सध्या बजेट नाही, म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा विचारायला हरकत नाही. 'कंट्रोल' म्हणजे बहुधा तपासणी, 'फॉर्मेशन' म्हणजे प्रशिक्षण, 'सोसायटी' म्हणजे कंपनी. 'आय इग्नोर द प्राइस' म्हणणारा तुमच्या भावाकडे दुर्लक्ष करत नाहीये, त्याला तो माहीत नाहीये. 'आय विल लर्न यू' म्हणजे मी तुम्हाला शिकवतो: शिकणं आणि शिकवणं या दोन्हींसाठी फ्रेंचमध्ये 'आप्राँद्र' हे एकच क्रियापद चालतं.

सुट्या भागांच्या कारखानदारांनी 'एंजिन' शब्दापाशी थांबावं. फ्रेंच 'आँझँ' म्हणजे कुठलंही यंत्र किंवा अवजड वाहन, इंजिनाला तिथे 'मोतर' म्हणतात. ड्रॉइंग मागवा आणि मगच भाव द्या. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांसाठी गंमत आणखी मोठी आहे. फ्रेंच 'रेझँ' म्हणजे ताजी द्राक्षं, आणि अगदी त्याच स्पेलिंगचा इंग्रजी 'रेझिन' म्हणजे बेदाणा. वर 'ग्राप' म्हणजे द्राक्ष नव्हे, घड. चौकशीत हे शब्द आले तर ताजा माल की सुकवलेला, हे फोटो पाठवून विचारा.

आकड्यांतही सावध राहा. फ्रेंच लिखाणात दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, आणि हजारासाठी मध्ये थोडी मोकळी जागा सोडतात. '1,250 किलो' म्हणजे तिथे सव्वा किलो! 'बिलियन'ही तसाच: इंग्रजीत तो एक अब्ज, फ्रेंचमध्ये एक लाख कोटी, अब्जाला ते 'मिल्यार' म्हणतात.

दिवसांच्या हिशेबात मात्र आपलं त्यांच्याशी छान जुळतं. फ्रेंच माणूस 'आठ दिवसांनी' म्हणतो तेव्हा त्याला एक आठवडा म्हणायचा असतो, आणि 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे. आपणही असंच बोलतो. तरी करारात तारीखच घाला. मधला इंग्रज वकील खरोखर आठ दिवस मोजेल.

मेल तपासायला पाठवताना फक्त खटकलेली ओळ पाठवू नका, आधीची देवाणघेवाण पूर्ण फॉरवर्ड करा. फ्रेंचमधली मूळ पर्चेस ऑर्डर किंवा ड्रॉइंग असेल तर तेही जोडा. पुष्कळदा शंका तिथेच मिटते. पाठवणारा फ्रान्सचा, बेल्जियमचा की कॅनडातल्या क्युबेकचा, हेही कळवा. फ्रान्समध्ये 'दिने' म्हणजे रात्रीचं जेवण, पण बेल्जियम आणि क्युबेकमध्ये ते दुपारचं असतं, आणि भेटीची वेळ ठरवताना ते माहीत असलेलं बरं.