कुसळी, मारवेल आणि ज्वारीचा फुटवा

सोलापूरच्या माळावर चांगले गवत कोणते, हे मेंढीला शिकवावे लागत नाही. मारवेल, पवना आणि अंजन ती आधी शोधून खाते. घात होतो तो बहुतेकदा वेळ चुकल्यामुळे.

कुसळीचेच बघा. पावसाळ्यात फुटलेली कोवळी कुसळी हा उत्तम चारा आहे. पाऊस सरत आला की ती निसवते, म्हणजे तिला तुरे येतात, आणि पुढे कुसळे झडेपर्यंत मेंढीच्या जिवावर उठते. दाण्याचे टोक अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि पाठीमागे पीळ असलेली लांब शेपटी. दव पडले की पीळ सुटतो, ऊन चढले की पुन्हा बसतो. या फिरण्याने दाणा स्क्रूसारखा आत सरकतो आणि केसांमुळे मागे येत नाही. मातीत रुजण्याची ही सोय लोकरीत अडकली की दाणा थेट कातडीत शिरतो. जखम चिघळते, माशी बसते, अळ्या पडतात. डोळ्यात गेला तर बुबुळावर फूल पडते.

म्हणून कुसळी निसवण्याआधी चारून संपवावी, किंवा फुलोरा दिसू लागताच जमिनीपासून चार बोटे वर कापून वाळवावी. उशीर केला तर कुसळे गंजीत येतात, जनावराच्या हिरड्यांत रुततात. शिवाय पिवळ्या पडलेल्या गवतात प्रथिने निम्म्यावर येतात. मेंढ्यांची कातरणीही कुसळे पिकण्याआधीच उरकलेली बरी.

माळावर नुसती कुसळीच उरली असेल तर चराई जास्त झाली आहे असे समजावे. मारवेल, पवना पुन्हा पुन्हा खुडले जातात, त्यांचे बी पडत नाही. मोकळी जागा कुसळी घेते. माळाचे चार भाग करून दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवावा.

घाणेरीचे झुडूप जनावर एरवी टाळते, पण दुष्काळात भुकेपोटी खाते. यकृत बिघडून कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. अशा जनावराला लगेच सावलीत बांधावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

सगळ्यात झटपट जीव घेते ती किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा. ज्वारी काढल्यावर अवकाळी पाऊस झाला की धसकटांना हिरवा फुटवा येतो. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी किंवा पाण्याचा ताण बसून सुकू लागलेले पीकही तितकेच धोक्याचे. त्यातले एक द्रव्य चघळताच सायनाइड सोडते; रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून हिरड्या लालभडक दिसतात. पंधरा-वीस मिनिटांत धाप लागते, फेस येतो, जनावर थरथरत कोसळते.

फुटव्याच्या रानात जनावर सोडूच नये. उपाशी तर मुळीच नाही, कारण ते अधाशासारखे खाते. हिरवी ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच आणि आधी वाळलेला कडबा घालून द्यावी. किराळ लागलीच तर डॉक्टर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. धापणाऱ्या जनावराला गूळपाणी पाजत बसू नये; ते फुफ्फुसात उतरते. आधी फोन लावावा आणि उरलेला कळप त्या रानातून बाहेर काढावा.