संहिता आणि कथासूत्र: दोन्हीला ‘स्क्रिप्ट’ म्हटलं की घोळ होतो

विज्ञानकथेची वेबकॉमिक करायला लेखक आणि चित्रकार एकत्र आले की लेखक एके दिवशी कळवतो, “स्क्रिप्ट पाठवली.” फाइल उघडावी तर कधी त्यात चौकटीगणिक वर्णन आणि संवाद असतात, तर कधी दहा पानांची सलग गोष्ट. पहिली पूर्ण संहिता, दुसरं कथासूत्र. कथासूत्रावरून आधी चित्रं काढायची आणि संवाद मागाहून लिहायचे, ही रीत १९६०च्या दशकात अमेरिकेत मार्व्हल या कॉमिक-प्रकाशन संस्थेत रुळली, म्हणून तिला मार्व्हल पद्धत म्हणतात.

लांबीवरून दोन्ही ओळखता येत नाहीत. दहा पानं भरली तरी ते कथासूत्रच असू शकतं आणि अर्ध्या पानाचीही पूर्ण संहिता होते. चौकटी कोणी मोजल्या आणि संवाद चित्राआधी ठरले की नंतर, एवढंच बघायचं.

एकच प्रसंग घ्या. कथासूत्रात तो असा येईल:

“पानं ७-८. मंगळावरच्या तळात हवेचा दाब उतरतोय. जुई पृथ्वीला निरोप धाडते. उत्तर यायला १४ मिनिटं. तोवर ती एकटीच दार बसवते. दार बसतं, आणि मग उत्तर येतं: दाराला हात लावू नकोस.”

पूर्ण संहितेत यातला एक तुकडा:

“पान ७, चौकट ३. जवळून. जुईचं हेल्मेट, काचेत दाबमापकाचं प्रतिबिंब. वर डावीकडे संवादाच्या फुग्याला जागा सोड. जुई (रेडिओवरून): दाब निम्म्यावर आलाय. ऐकताय ना?”

पहिल्यात १४ मिनिटांची ती वाट कशी दाखवायची हे चित्रकार ठरवतो. उभ्या स्क्रोलमध्ये, म्हणजे पडदा खाली सरकवत वाचायच्या कॉमिकमध्ये, हे फार मोलाचं, कारण तिथे वेळ म्हणजे दोन चौकटींमधली मोकळी जागा. ८०० पिक्सेल रुंदीच्या पट्टीत एरवी दोनतीनशे पिक्सेल सोडतात. इथे हजारभर सोडले की वाचकाचं बोटही थांबल्यासारखं होतं. हे लेखकाला कागदावर सुचेलच असं नाही.

चित्रकाराला असं मोकळं रान दिल्यावर काय हाती लागतं, याचं गाजलेलं उदाहरण मार्व्हलच्याच ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या कॉमिकच्या १९६६मधल्या ४८व्या अंकातलं. चित्रकार जॅक कर्बीने काढलेली पानं लेखक स्टॅन ली यांच्याकडे आली, तेव्हा त्यांत फळीवरून अंतराळात फिरणारा एक चंदेरी माणूस होता. ठरलेल्या कथेत तो नव्हताच. ग्रह गिळणाऱ्या महाकाय पात्राच्या येण्याची वर्दी देणारा कोणीतरी हवा, म्हणून कर्बीने तो घातला होता. तोच सिल्व्हर सर्फर. मग ही पात्रं नेमकी कोणाची, यावरून पुढे वर्षानुवर्षं वाद झाले, तेही याच पद्धतीचं फळ.

कथासूत्राचा नेहमीचा अपघात म्हणजे शेवट चेंगरणं. वीस पानांच्या भागात चित्रकार यानाच्या आतबाहेर चौदा पानं रमतो आणि स्फोट, सुटका, खुलासा सगळं उरलेल्या सहांत कोंबावं लागतं. उपाय सोपा आहे: प्रत्येक प्रसंगापुढे पानांचा आकडा लिहा आणि पेन्सिलीआधी, अंगठ्याएवढ्या कच्च्या चौकटींवरच एकदा एकत्र बसा.

दुसरा अपघात फुग्यांचा. आधी कोण बोलणार हे चित्रकाराला माहीत नसतं. तो उत्तर देणाऱ्याला डावीकडे काढतो, मराठी वाचक डावीकडून वाचतो, आणि फुग्यांच्या शेपट्या एकमेकींवर चढतात. हेल्मेटं असली तर ओठही दिसत नाहीत. म्हणून चित्रकाराने समासात “जुई विचारते”, “आई दचकते” असं खरडून ठेवावं.

तिसरा खास विज्ञानकथेतला. मंगळ-पृथ्वी संदेशाला एका दिशेनेच सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. चित्रकाराने जुई आणि तिची आई पडद्यावर समोरासमोर एकमेकींना हसताना काढल्या, तर कुठलाही संवाद ते दृश्य वाचवू शकत नाही. ते पुन्हा काढावंच लागतं. पूर्ण संहितेत ही चूक एक ओळ खोडून सुटते.

अर्थात पूर्ण संहिता लिहिणाऱ्यांचीही एक लाडकी चूक आहे: “जुई हेल्मेट काढते, वळते आणि दार लावते.” ही एक चौकट नव्हे, तीन आहेत. संवादही लांबतात. इंग्रजीत एका फुग्यात २५ शब्दांपर्यंत चालतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात, म्हणून १५ वर गेलात की फुगा तोडा. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, तेव्हा ओळींत अंतरही जास्त लागतं. हे फुगा आखण्याआधी अक्षरं टाकून बघायचं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरीसारख्या लिपी नीट मांडणारा वर्ल्ड-रेडी पर्याय लावायला विसरलात तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसते, ते निराळंच.

आमचा कल? पहिल्या दोन-तीन भागांना पूर्ण संहिता. तळाचा नकाशा, पोशाख, दारं कुठल्या बाजूला उघडतात, हे सगळं ठरलं की कथासूत्रावर या. पाठलाग, अंतराळातली चाल असे निःशब्द प्रसंग मात्र पहिल्यापासून चित्रकारावर सोडावेत.

पद्धत बदलली की करारही पुन्हा वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सहलेखनाची कृती म्हणजे जिच्यातला एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही ती. पूर्ण संहितेत शब्द आणि चित्रं निदान वेगळी दाखवता येतात. कथासूत्रावर केलेल्या पानांत कथा नेमकी कोणी रचली हे सांगणं अवघड होतं, म्हणून श्रेयनामावलीत ‘कथा’ आणि ‘संवाद’ वेगळे लिहा. हक्क एकाने दुसऱ्याच्या नावे करायचे असतील तर ते लेखीच लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमची कॉमिक मात्र पहिल्या दिवसापासून दुबई आणि न्यू जर्सीतही वाचली जात असते.