प्राणिचित्रांचे व रस्त्यावरील बारकाव्यांचे छायाचित्रण : ठाणे–नवी मुंबई

प्रवासात किंवा रोजच्या येण्याजाण्यात भिंतींवर, उंबरठ्यांवर, वाहनांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि जुन्या दगडांवर रंगवलेले, कोरलेले वा घडवलेले प्राणी टिपण्याची छायाचित्रणाची एक रीत. प्राण्यांबरोबर त्यांच्या आजूबाजूचे, सहसा कोणी थांबून न पाहणारे तपशीलही तिच्या कक्षेत येतात. वन्यजीव छायाचित्रणाशी तिचा संबंध दूरचा आहे. तिला लांब पल्ल्याची लेन्स लागत नाही, साधा मोबाइलही पुरतो. चालायची तयारी मात्र हवी, आणि त्याच गल्लीत पुन्हा जाण्याचा कंटाळा येऊन चालत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई ही जोडी या रीतीला फार अनुकूल आहे. ठाणे हे शिलाहार राजांच्या काळातले श्रीस्थानक, तर नवी मुंबई सिडको या सरकारी महामंडळाने १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनीवर आखलेले शहर. २००४ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स हार्बर रेल्वेमार्गामुळे दोन्हींमधले अंतर अर्ध्या-पाऊण तासावर आले. सकाळी मंदिरातला नंदी आणि दुपारी तुर्भ्याला ट्रकच्या फाळक्यावरचा (मागच्या फळीवरचा) गरुड, असा दिवस येथे सहज जमतो.

या परिसरातले सर्वांत जुने आणि सर्वांत दुर्लक्षित प्राणिशिल्प म्हणजे गधेगाळ. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी (सुमारे ८०० ते १२६५) आणि त्यांच्यानंतरच्या राजवटींनी दिलेल्या जमिनींची दाने कोणी मोडू नयेत म्हणून असे दगड उभारले. वर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर दान चालावे, मध्ये लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचे शापदर्शक शिल्प. शाप अश्लील आहे आणि तो तसाच असावा अशी कोरणाऱ्याची इच्छा होती, कारण लेख वाचता न येणाऱ्यालाही खालचे गाढव समजत होते. पूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्यात आणि रायगडमध्ये असे दगड शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात, विहिरीच्या कडेला सापडतात. काही ठिकाणी त्यांना शेंदूर लागला असून ते देव म्हणून पुजले जातात. छायाचित्रकाराने शेंदूर खरवडून खालचे कोरीवकाम मोकळे करण्याच्या भरीस पडू नये. शेंदूर हा त्या दगडाच्या इतिहासाचाच भाग आहे. शिवाय गावाचा देव उघडा करण्याचा अधिकार पाहुण्याला नसतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू फासणे किंवा पाणी ओतणेही टाळावे. सकाळी लवकर किंवा उन्हे कलताना तिरपा उजेड पडतो, तेव्हा झिजलेली रेषही सावलीने उमटते. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तोच दगड सपाट दिसतो. उजेड जमत नसेल तर अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च बाजूने, दगडाच्या जवळ धरला तरी काम होते.

मंदिरांतले प्राणी त्या मानाने ओळखीचे, आणि ओळखीचे म्हणूनच न पाहिलेले. मासुंदा तलावाकाठचे कौपिनेश्वर मंदिर मराठ्यांनी ठाणे जिंकल्यानंतर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास बांधले. दर्शनाच्या रांगेत नजर समोर असते. खाली आणि कडेला ती क्वचितच जाते. शिवालयात जमिनीवरचे कासव, उंबरठ्यावरचे कीर्तिमुख (उग्र सिंहासारखे मुख), अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणारे गोमुख किंवा मकरमुख (मगरीसारखे तोंड) ही पाहण्याची ठिकाणे. अंबरनाथचे शिवमंदिर, ज्यातील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे, ठाणे स्थानकातून लोकलने गाठता येते आणि त्याच्या बाह्य भिंतींसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा. तेथे माणसांची आणि देवांची शिल्पे सगळेच टिपतात. त्यांच्या पायाशी आणि पट्ट्यांत असलेले लहान प्राणी पाहायला मुद्दाम वाकावे लागते.

वाघाने मात्र ठाण्यात दोन वेगळी रूपे घेतली आहेत. येऊरच्या बाजूला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने वारली पाडे आहेत. वारली समाजात वाघदेव किंवा वाघोबा लाकडाच्या खांबावर वा दगडावर कोरला जातो. त्याच्याबरोबर सूर्य-चंद्र असतात आणि अंगाला शेंदूर असतो. हा वाघ भयंकर नसतो. त्याचे डोळे गोल, अंग लांबट, उभे राहणे जवळजवळ माणसासारखे. या जंगलात आज बिबट्याचा वावर आहे. त्यामुळे वाघदेव ही तिथे जुनी आठवण नसून चालू नाते आहे. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस असते. त्याच तिथीला शहरात वसुबारस साजरी होते आणि दारात गाय-वासराची रांगोळी निघते. एकाच दिवशी डोंगराच्या एका बाजूला वाघाची आणि दुसऱ्या बाजूला गाईची पूजा व्हावी, हा योग टिपण्यासारखा आहे. दुसरा वाघ भेटतो तो शिवसेनेच्या शाखांवर. पक्षाची स्थापना १९६६ ची. पुढच्याच वर्षी ठाणे नगरपालिकेत त्याला सत्ता मिळाली आणि तेव्हापासून डरकाळी फोडणारा वाघ शहराच्या नाक्यानाक्यावर आहे. हाताने रंगवलेले जुने वाघ आणि फ्लेक्सवर छापलेले नवे वाघ शेजारी ठेवून पाहिले की पाटी रंगवणाऱ्या पेंटरच्या हाताचे मोल कळते. रंगवलेल्या प्रत्येक वाघाचा जबडा वेगळा असतो, छापलेल्यांचा एकच.

हीच गोष्ट मटण आणि चिकनच्या दुकानांच्या पाट्यांची. लाल तुऱ्याचा कोंबडा, दाढीवाला बोकड, कधी त्यांच्यामागे हिरवे डोंगर आणि मावळता सूर्य. अशा पाट्या झपाट्याने जात आहेत, म्हणून दिसली की तेव्हाच टिपावी.

नवी मुंबईचा प्राणी फ्लेमिंगो. मराठीत याला रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. ठाणे खाडीत साधारण नोव्हेंबर ते मे या काळात मोठा आणि लहान अशा दोन्ही जातींचे रोहित मोठ्या संख्येने उतरतात. खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. महापालिकेने शहराची ओळखच या पक्ष्यावर उभी केली. त्यामुळे नेरूळ, सीवूड्स, पाम बीच मार्ग या पट्ट्यात चौकांतले पुतळे, भिंतींवरची चित्रे, पुलाखालचे खांब अशा सगळीकडे तो भेटतो. अभ्यासू छायाचित्रकाराला येथे एक चांगला उद्योग आहे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने जाऊन आधी खरे पक्षी पाहावेत आणि मग भिंतीवरचे तपासावेत. लहान रोहिताची चोच गडद, काळपट लाल. मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. पिल्ले राखाडी असतात आणि खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे काही वर्षांत गुलाबी होतात. भिंतीवर राखाडी पिल्लू जवळजवळ नसतेच. शहराला त्याचा गुलाबी पक्षीच हवा असतो. भिंतीवरचा पक्षी आणि त्याच्यामागे बांधकामाची क्रेन एकाच फ्रेममध्ये आली तर ते चित्र बरेच काही सांगते, कारण या पाणथळ जागांच्या कडेला बांधकामाचा दाब सतत आहे.

मूळ गावठाणांत, म्हणजे दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली अशा आगरी-कोळी वस्त्यांत, वेगळी सृष्टी दिसते. बंगल्याच्या फाटकाच्या खांबांवर सिमेंटचे सिंह, टेम्पोच्या मागे लाडक्या बैलाचा फोटो, होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) नावाशेजारी मासा. सिडकोच्या सेक्टरांची एकसारखी रचना पाहून आल्यावर गावठाणाच्या या भिंती अधिकच बोलक्या वाटतात.

तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात देशभरातून ट्रक येतात. फाळक्यावर गाय-वासरू, पोपट, मोर, झेप घेणारा गरुड. केबिनला गोंडे, खाली काळी बाहुली. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंदी घातली, तरी इतर राज्यांतून येणाऱ्या गाड्यांवर ते अजून वाचायला मिळते. पहाटे माल उतरत असतो, चालक दमलेले असतात, हमालांची धावपळ असते. गाड्या मोकळ्या होऊन उभ्या राहतात तेव्हा, दुपारी, जावे. चालकाला विचारून काढलेला फोटो नेहमीच अधिक चांगला निघतो: तो गाडी थोडी पुढे घेतो, गोंडे झटकतो, चित्र कुठल्या गावात काढून घेतले तेही सांगतो.

घरातली प्राणिचित्रे ऋतूप्रमाणे येतात. श्रावणात देवघराजवळ जिवतीचा कागद लागतो; त्यात नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, जिवती आणि हत्ती व वाघ यांवर बसलेले बुध-बृहस्पती असतात. नागपंचमीला पाटावर नाग. दिवाळीत सोसायट्यांच्या आवारात मुले किल्ले करतात आणि गुहेच्या तोंडाशी मातीचा वाघ ठेवतात. तो बहुधा मावळ्यांपेक्षा मोठा असतो. ठाण्याच्या नौपाडा, चरई भागातल्या जुन्या इमारती पुनर्विकासात जात असताना या अंगणांचे फोटो घेऊन ठेवणे निकडीचे आहे.

प्रत्येक वस्तूचे दोन फोटो घ्यावेत, एक जवळून आणि एक आजूबाजूचा परिसर दिसेल असा. जागा आणि तारीख लगेच लिहावी. जागा न नोंदवलेला कोंबडा नुसताच कोंबडा राहतो. ‘कोपरखैरणे, दुकान बंद होण्याआधी’ अशी नोंद असली तर तो संशोधकाच्या उपयोगी पडतो. गाभाऱ्यात, येऊरच्या वनक्षेत्रात आणि पाड्यांवर परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये. कायद्याची बाजूही माहीत असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढणे व प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरत नाही. भित्तिचित्राचा या सवलतीत स्पष्ट उल्लेख नाही, म्हणून त्याचा व्यावसायिक वापर करताना चित्रकाराची संमती घ्यावी. चित्रकाराची सही बहुधा खालच्या कोपऱ्यात असते, ट्रकवर फाळक्याच्या कडेला ‘पेंटर’ या शब्दापुढे नाव आणि गाव. ती फ्रेममध्ये घ्यावी. शेजारी मोबाइल क्रमांक किंवा गाडीचा क्रमांक असेल तर तो प्रसिद्ध करताना झाकावा.