अँटीलॉक ब्रेक प्रणाली

अँटीलॉक ब्रेक प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातले एबीएस, ही मोटारीच्या नेहमीच्या हायड्रॉलिक ब्रेकला जोडलेली नियंत्रण व्यवस्था आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादे चाक जाम होऊ लागले की ही प्रणाली त्या चाकाकडे जाणारा ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर रोखते किंवा उतरवते आणि चाक फिरते ठेवते. गाडी कमी अंतरात थांबवणे हे तिचे मुख्य काम, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळवता यावी, हे तिचे पहिले काम आहे आणि कोकणातल्या घाटरस्त्यांवर तेच अधिक मोलाचे ठरते.

ब्रेक लावलेले चाक गाडीच्या वेगापेक्षा थोडे हळू फिरते. या फरकाला घसरण म्हणतात: चाक मोकळे फिरत असेल तर ती शून्य असते आणि चाक जाम होऊन नुसते फरफटत असेल तर शंभर टक्के. डांबरी रस्त्यावर टायरची पकड साधारण १० ते ३० टक्के घसरणीच्या टप्प्यात सर्वांत जास्त असते. चाक पूर्ण जाम झाले की ही पकड घटते आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे आडवी पकड जवळजवळ नाहीशी होते. अशा वेळी स्टिअरिंग पुरते फिरवले, तरी पुढची चाके तिरकी होऊन गाडी सरळच घसरत जाते. परशुराम किंवा आंबा घाटातल्या वळणावर सरळ जाणे म्हणजे एक तर कठड्यावर जाणे किंवा समोरून चढणाऱ्या गाडीवर जाणे.

मृग लागून पहिली सर आली की रस्त्यावर उन्हाळाभर साचलेली धूळ, सांडलेले डिझेल-ऑइल आणि कडेच्या जांभ्याची तांबडी माती यांचा एक बुळबुळीत थर तयार होतो. मुसळधार पावसाने रस्ता धुऊन निघेपर्यंत तो टिकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या चांगल्या डांबरावर, घर्षणांक (टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीचे माप) ०.८ धरला तर, ब्रेक लागल्यापासून सुमारे १८ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर तो ०.५ धरला तर सुमारे २८ मीटर लागतात आणि चिखलाच्या थरावर तो ०.२ पर्यंत उतरला, तर सुमारे ७० मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत गेलेले अंतर यात धरलेले नाही. एक सेकंद गेला तर तेच जवळपास १७ मीटर होते. एबीएस घर्षणांक वाढवत नाही. रस्ता जेवढी पकड देतो तेवढी वापरून घेणे, एवढेच तिच्या हाती असते.

प्रणालीचे मुख्य घटक चार: चाकांवरचे सेन्सर, झडपांचा ठोकळा, परतीचा पंप आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. प्रत्येक चाकाच्या हबवर किंवा ॲक्सलवर दातेरी रिंग असते आणि तिच्यापासून साधारण एका मिलिमीटरवर सेन्सर बसवलेला असतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते. रिंगचा एकेक दात समोरून गेला की वेटोळ्यात विजेचा स्पंद उठतो आणि स्पंदांच्या गतीवरून चाकाचा वेग कळतो. चाक अगदी हळू फिरत असेल तर हा स्पंद फारच क्षीण होतो. नव्या गाड्यांतले सेन्सर बाहेरून वीजपुरवठा घेऊन चालतात आणि अगदी कमी वेगही नीट मोजतात. त्यांच्यासाठी दातेरी रिंगेऐवजी बहुधा बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी बसवलेली असते.

नियंत्रकाला गाडीचा खरा वेग थेट ठाऊक नसतो. चारही चाकांच्या वेगांची तुलना करून तो त्याचा अंदाज बांधतो. टायरची पकडच मर्यादित असल्यामुळे साधी मोटार दर सेकंदाला ताशी ३५ किलोमीटरपेक्षा फार जास्त वेग गमावू शकत नाही. एखाद्या चाकाचा वेग याहून कितीतरी झपाट्याने खाली येत असेल, तर गाडी तेवढी मंदावलेली नाही, चाकच जाम होत आहे, हे नियंत्रक ओळखतो.

पुढचे काम झडपांचे. मास्टर सिलिंडरकडून (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग) चाकाच्या कॅलिपरकडे (त्या दाबाने चाकाच्या डिस्कवर पॅड आवळणारा भाग) जाणाऱ्या वाटेवर एक झडप असते, ती एरवी उघडी असते. कॅलिपरकडून परतीच्या वाटेवर दुसरी असते, ती एरवी बंद असते. चाक जाम होण्याच्या बेतात आले की नियंत्रक पहिली झडप बंद करतो, त्यामुळे चालकाने पेडल कितीही दाबले तरी त्या चाकाचा दाब वाढत नाही. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी झडप उघडते आणि थोडे ऑइल एका लहानशा कप्प्यात उतरते. दाब घटला की चाक पुन्हा वेग धरते. मग दुसरी झडप मिटते, पहिली टप्प्याटप्प्याने उघडते आणि दाब परत चढतो. रोखणे, उतरवणे, चढवणे हा फेरा एका सेकंदात अनेकदा होतो. दरम्यान परतीचा पंप कप्प्यातले ऑइल मास्टर सिलिंडरकडे ढकलत असतो, म्हणून पेडल पायाखाली थडथडते आणि बॉनेटखालून घरघर ऐकू येते. पहिल्यांदा हा अनुभव घेणारा चालक काहीतरी तुटले असे वाटून पाय उचलतो आणि नेमक्या गरजेच्या क्षणी ब्रेक सुटतो. पेडल पूर्ण दाबून धरणे आणि गाडी मोकळ्या जागेकडे वळवणे, हीच एबीएस असलेल्या गाडीची योग्य रीत आहे. पूर्वीप्रमाणे पाय मारून मारून ब्रेक लावण्याची गरज इथे उरत नाही.

बहुतेक मोटारींत चारही चाकांसाठी स्वतंत्र सेन्सर आणि झडपा असतात. मागच्या दोन चाकांपैकी ज्याची पकड कमी, त्याच्या हिशेबाने मात्र अनेकदा दोन्हींचा दाब ठरवला जातो, कारण मागची बाजू फिरली की गाडी सावरणे अवघड असते. आतल्या गावांकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर याचा प्रत्यय येतो. समोरून एसटी आली की गाडीची डावी चाके साइडपट्टीच्या शेवाळावर उतरतात आणि उजवी डांबरावर राहतात. अशा वेळी साध्या ब्रेकने डावी चाके जाम होतात, उजवी धरतात आणि गाडी गर्रकन उजवीकडे, म्हणजे एसटीकडेच, ओढली जाते.

एबीएसच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. सुट्या खडीवर किंवा वाळूवर जाम झालेले चाक पुढ्यात ढीग जमवते आणि त्या ढिगाने गाडी अडते. फिरत्या चाकापुढे असा ढीग साचत नाही, त्यामुळे तिथे एबीएस असलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागू शकते. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकवरही तिच्याकडे उपाय नाही. कुंभार्ली किंवा आंबोली घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर डिस्क आणि पॅड तापतात आणि ती उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. पण हे ऑइल हवेतले बाष्प शोषते आणि ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यावर तोच किमान १५५ अंशांवर येतो. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल खाली जाते आणि दाबच तयार होत नाही. जो दाब नाही, त्याचे नियंत्रण एबीएस कसे करणार? किनाऱ्यावरच्या दमट हवेत ब्रेक ऑइल वेळेवर बदलणे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे, या दोन्ही गोष्टी म्हणूनच आवश्यक आहेत.

ही कल्पना मोटारींत आली ती विमानांतून. डनलॉप कंपनीची मॅक्सारेट ही यांत्रिक प्रणाली १९५० च्या दशकात विमानांच्या चाकांवर वापरात आली आणि १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या मोटारीत बसवली गेली. आजच्या पद्धतीची इलेक्ट्रॉनिक प्रणाली बॉश या जर्मन कंपनीने तयार केली आणि १९७८ मध्ये ती मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमध्ये आली. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींनाही एबीएस बंधनकारक आहे.

प्रणालीत दोष आढळला तर नियंत्रक ती बंद करतो आणि मीटरमध्ये पिवळा दिवा लावतो; साधे ब्रेक मात्र चालू राहतात. किनारपट्टीवर या दिव्याचे कारण पुष्कळदा गंज हेच असते. पुळणीवर गाडी घालून खारे पाणी चाकांवर घेतले आणि ती गोड्या पाण्याने धुतली नाही, की दातेरी रिंगवर गंजाचे पापुद्रे धरतात, दातांमधल्या खाचा बुजतात, कधी रिंगला चीर जाते, आणि सेन्सरला चाक मध्येच अडखळल्यासारखे वाटते. अशा गाडीत हळू थांबतानाही पेडल विनाकारण थडथडते. चाक काढून रिंग तारेच्या ब्रशने अलगद घासली आणि सेन्सरचे टोक पुसले, तर अनेकदा दोष जातो. चुंबकीय पट्टीच्या बेअरिंगची गोष्ट वेगळी: त्याच्या दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात, आणि नवे बेअरिंग उलटे ठोकले गेले तर चाक उत्तम फिरते, पण सेन्सरसमोर पट्टीच नसल्यामुळे दिवा विझत नाही. म्हणून जाणता मेकॅनिक बेअरिंग बसवण्याआधी चुंबकीय क्षेत्र दाखवणारे कार्ड त्यावर टेकवून पट्टीची बाजू पाहून घेतो.