गतिरोधक आणि उंचावलेले पादचारी क्रॉसिंग : रस्त्यावरचे दोन निरनिराळे उंचवटे

नागपुरात एखाद्या शाळेसमोर अपघात झाला की पालकांची पहिली मागणी गतिरोधकाची असते, आणि तो झाल्यावर त्यावर पांढरे पट्टे ओढले की मुलांना रस्ता ओलांडण्याची सोय झाली असे मानले जाते. हा समज धोक्याचा आहे, कारण गतिरोधक आणि उंचावलेले क्रॉसिंग दुरून सारखे दिसले तरी त्यांची कामे वेगळी आहेत.

गतिरोधक केवळ वाहनासाठी असतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर सांगितली होती, म्हणजे वाहने तो साधारण ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप पार करतात. वस्त्यांमध्ये रातोरात उभे राहणारे अरुंद, टोकदार उंचवटे या मापात बसत नाहीत. त्यांच्यावर मोटारीला हादरा बसतो, पण सायकलस्वाराचा तोलच जातो. कडेला सायकलपुरती फट ठेवली, तर दुचाक्याही तिथूनच वेगाने निघतात.

वेग कमी करणे महत्त्वाचे आहेच. ताशी ५० किलोमीटरने जाणारे वाहन एका सेकंदात, म्हणजे चालकाचा पाय ब्रेककडे जाईपर्यंत, सुमारे १४ मीटर पुढे गेलेले असते, तर ताशी ३० ला ते अंतर ८ मीटरच्या आसपास राहते. शिवाय धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पहिल्या वाहनाचा आघात पावणेतीन पटींहून अधिक असतो. मात्र वेग कमी झाला म्हणून पादचाऱ्याला वाट मिळतेच असे नाही. गतिरोधकाच्या गोल पाठीवर म्हाताऱ्या माणसाचा पाय नीट ठरत नाही, व्हीलचेअर चढत नाही, आणि पदपथावरून खाली उतरणे काही चुकत नाही.

उंचावलेल्या क्रॉसिंगचा माथा सपाट असतो, त्यावर झेब्रा पट्ट्यांची पूर्ण रुंदी मावते आणि तो दोन्ही बाजूंच्या पदपथांना समपातळीत जोडलेला असतो. इथे चढ-उतार वाहनाच्या वाट्याला येतो. चालणारा सरळ चालत जातो आणि थोडा उंचावर असल्याने चालकाला लवकर दिसतो. माझ्या मते धरमपेठ किंवा लक्ष्मीनगरच्या आतल्या रस्त्यांवरील शाळांसमोर आणि सीताबर्डीच्या बाजारगल्ल्यांत हाच उपाय आधी करायला हवा, तोही लोक प्रत्यक्ष जिथून ओलांडतात तिथेच.

एक काळजी मात्र अनिवार्य आहे. पदपथ आणि रस्ता एका पातळीत आल्यावर पांढऱ्या काठीने चालणाऱ्या माणसाला पदपथाची कड काठीला लागत नाही, म्हणून तिथे पायाला जाणवणाऱ्या उठावदार फरशा बसवल्याच पाहिजेत. वाहनांना पदपथावर चढता येऊ नये यासाठी खुंट हवेत, पण त्यांच्यामधून व्हीलचेअर जाईल इतके अंतर ठेवून. कडेची गटारेही वाहती ठेवावी लागतात, नाहीतर जुलैच्या पावसात क्रॉसिंगच्या दोन्ही अंगांना डबकी साचतात आणि लोक पुन्हा भलत्याच जागी रस्ता ओलांडू लागतात.

वर्धा रोडसारख्या रुंद, वेगवान रस्त्याच्या मुख्य मार्गिकांवर यांपैकी एकही उपाय पुरेसा नाही. तिथे पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र सिग्नल आणि दुभाजकात थांबण्याची सुरक्षित जागा लागते, म्हणजे एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहून ओलांडता येते.